नवरीनं निवडलेला हवेचा काटा

“भाऊजी, एकटे नका येऊ, गाडी घेऊन या!” नलू ट्रंक कॉलवर ओरडून सांगत होती. मधे खरखर झाली, मग पुन्हा तिचा आवाज आला, “ताईनं कबूल केलं होतं!” आणि लाइन तुटली.

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. नलू म्हणजे माझ्या बायकोची, सुमनची, धाकटी बहीण. भंडाऱ्याजवळच्या मोहाडीच्या दवाखान्यात ती नर्स होती. सुमन काविळीनं गेली त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. आमची जुनी फियाट आम्ही तिच्याच हौसेनं घेतली होती आणि गाडी दारात लागली त्याच दिवशी तिनं बहिणीला शब्द देऊन टाकला होता की, तुझी पाठवणी आमच्या गाडीतून. सुमन त्या गाडीत जेमतेम एक उन्हाळा बसली. ती गेल्यानंतर मोहाडीला माझं जाणं झालं नव्हतं. आता नलूचं लग्न ठरलं होतं, मुलगा आसगावचा, शाळामास्तर. तिला शब्द आठवत होता, तर मला नाही म्हणायचं कारण नव्हतं.

मे महिन्यात पहाटे संगमनेर सोडलं. औरंगाबाद, जालना करत पहिला मुक्काम अमरावतीला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून निघताना वाटेतल्या एका पंपावर चारही चाकांत हवा भरून घेतली. हवा भरणाऱ्याच्या हातातल्या काट्याची काच तडकलेली होती. मी विचारलं तर म्हणाला, “काच फुटली म्हणून काय झालं, सुई शाबूत आहे.” मला ते पटलं. मात्र पुढे गाडी खड्ड्याखड्ड्याला चेंडूसारखी उडायला लागली. कोंढाळी ओलांडली, ऊन चढलं, आणि मागचं उजवं चाक असं फुटलं की रस्त्याकडेची गुरं उधळली. गाडी थोडी आडवी होऊन थांबली. मला काही झालं नाही. उतरून स्टेपनी चढवली आणि हळूहळू नागपूर गाठलं.

नागपूरच्या मेकॅनिकनं उरलेली तीन चाकं बोटानं दाबून पाहिली. “हवा लय जास्त भरली ना जी. उनाचे दिवस, टायर जुने.” त्यानं हवा कमी केली, जुनाच पण बरा टायर चढवून दिला आणि बजावलं, “सोताचा एक चांगला गेज ठेवा. दुसऱ्याच्या काट्यावर भरवसा नका ठेवू.” त्या दिवशी रविवार होता. सुट्या भागांची दुकानं बंद होती. मी तसाच पुढे निघालो.

नागपूर मागे पडलं की हळूहळू धानाचा मुलूख सुरू होतो. आमच्याकडच्या माणसाला मे महिन्यात तो पाहून वाईट वाटावं असा. बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) एकीला एक लागून कोरड्या पडलेल्या, त्यांत मागल्या हंगामाची पिवळी खुंटं. मधेच एखादी बोडी (लहान तळं), तळाशी हिरवट पाणी, त्यात म्हशी. सुमन सांगायची, श्रावणात या म्हणजे तुम्हाला कळेल. तिच्या बोलण्यातून मी तो मुलूख हिरवाच ओळखत होतो. तिच्याबरोबर श्रावणात यायचं कधी जमलं नाही, कधी रजा नाही, कधी पैसे नाहीत. त्या दुपारी कोरड्या बांध्यांकडे बघत गाडी चालवताना मला पावसाळा नाही, पावसाळ्याबद्दल बोलणारी ती हवी होती.

मोहाडीत शिरलो तेव्हा दारात मांडव पडला होता. सासूबाई पदरानं कपाळ पुसत बाहेर आल्या. त्या आधी गाडीपाशी गेल्या. पुढच्या दाराच्या काचेला कपाळ टेकवून त्यांनी आत पाहिलं.

“इथीसा बसत होती का माही सुमन?”

“हो आई. इथंच.”

त्यांनी दार उघडलं, त्या सीटवरून एकदा हात फिरवला आणि दार हळूच लोटलं. मग वळून म्हणाल्या, “चाला जी, पाय धुवा. भुकेजून आले असान.”

जेवायला सुवाऱ्या (पुऱ्या), वांग्याची भाजी आणि आंब्याचं पन्हं होतं. बशीत चारं (चारोळीची पिकलेली फळं) होती. काळीभोर, गोड, जिभेला रंग देणारी. मला पंख्याखाली बसवून नलू समोर येऊन बसली. ती काय बोलत होती ते मला नीट आठवत नाही, कारण मी तिच्याकडे पाहतच नव्हतो. दिसायला दोघी बहिणी वेगळ्या, नलू सावळी, उंच. पण आवाज तोच. वाक्याच्या शेवटी किंचित चढणारा. तिच्याकडे पाठ करून बसलं की वाटायचं, सुमनच बोलते आहे.

संध्याकाळी तिथल्या सायकल दुकानात चाकं दाखवली. नागपूरच्या मेकॅनिकनं चोवीस पौंड ठेवली होती, त्याच चाकात या दुकानाचा काटा बत्तीस दाखवू लागला. दुकानदार म्हणाला, माझा काटा चांगला आहे. मेकॅनिकनंही तेच सांगितलं होतं. खरं कोण बोलतंय हे ठरवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. घरी येऊन मी हे सहज बोलून गेलो आणि बोलता बोलता फुटलेल्या चाकाचीही गोष्ट निघाली.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

“मंग नलू बसनं जाईन. वरातीसंगं.”

“आई, मी नीट चालवीन—”

“तुमच्यावर भरवसा नाई असं नाई जी. मले दोनच लेकी होत्या.” एवढं बोलून त्या पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

नलू आतून आली. “मी गाडीतच जाईन. ताईनं सांगतलं होतं.”

“ताई आहे का आता?”

“म्हणूनच जाईन.”

शेवटी नलूनंच तोड काढली. वरातीची बस भंडाऱ्याला थांबणारच होती. तिथं दुकानं मोठी. तिथं चांगला काटा मिळाला आणि चाकं बरोबर निघाली तर पुढे गाडी, नाहीतर ती मुकाट्यानं बसमध्ये बसेल. सासूबाईंनी तिला विचारलं, “अन् काटा चांगला का खोटा, हे कोण सांगन?”

“मी सांगीन. रोज दवाखान्यात बीपी कोण मोजते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न लागलं. बुद्धवंदना झाली, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या, फुलं पडली, जेवणं उरकली. नलू पांढऱ्या साडीत होती, निळ्या काठाची. निघताना सगळ्या बाया रडल्या, नलू रडली नाही. तिनं आईचे दोन्ही हात धरले, “काटा घेतल्याबिगर भंडाऱ्याच्या पुढं नाई जात,” म्हणाली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. नवरदेव, प्रकाशराव, मागे सामानात अंग चोरून बसले. गड्याचा स्वभाव मला तेव्हाच आवडला. “नवरी पुढं अन् नवरदेव पेटीजवळ,” ते म्हणाले, “आमच्या गावात हे पहिल्यांदाच होऊन राहिलं.”

भंडाऱ्याला मोठ्या रस्त्यालगत एका दुकानासमोर गाडी लावली. बाहेर टायर टांगलेले, आत ग्रीसचा वास. गळ्यात हार असलेली नवरी दुकानाच्या पायऱ्या चढताना पाहून मालक उभाच राहिला.

“बोला बहनजी?”

“टायरची हवा मोजाचा काटा दाखवा. जेवढे असतीन तेवढे.”

मालकानं तीन काटे काढून ठेवले. एक पेन्सिलीसारखा, हवेच्या जोरानं ज्याची पट्टी बाहेर येते तो. दुसरा मोठ्या तबकडीचा, चकाकणारा, त्याचं तो फार कौतुक करत होता. तिसरा साधा, पितळी, तळहातात मावेल असा.

नलूनं चकाकणारा आधी उचलला आणि उजेडात धरला. “याले कुठीच लावलं नाई, तरी सुई शून्यावर नाई. दोनच्या पुढं हाय.”

“इतना तो चलता है, बहनजी.”

“माणसाचं बीपी असं मोजलं तर दवाखान्यातून काढून टाकतीन मले,” ती म्हणाली आणि तो बाजूला ठेवला.

मग आम्ही बाहेर येऊन पुढच्या डाव्या चाकाला पेन्सिल लावली. पहिल्यांदा सव्वीस, मग तेवीस, मग सत्तावीस. मी म्हणालो, माझा हात तिरका लागत असेल. व्हॉल्व्हवर काटा सरळ आणि दाबून धरला नाही तर हवा फुसकन निघून जाते आणि आकडा चुकतो. नलूनं स्वतः नीट धरून पाहिलं. आवाज आला नाही, तरी आकडा वेगळाच. पेन्सिलही गेली.

पितळी काटा तिनं तीनदा लावला, मी तीनदा लावला. प्रत्येक वेळी अठ्ठावीस.

“हा बरोबर आहे,” प्रकाशराव म्हणाले.

“हा एकच गोष्ट सांगते, एवढं कळलं,” नलू म्हणाली. “पण एकच खोटं बोलणारेही असतात ना जी.” मग ती मालकाकडे वळली. “दुसऱ्या पेटीतला, असाच, आणखी एक दाखवा.”

मालक आता कुतूहलानं कामाला लागला होता. दुसऱ्या पितळी काट्यानंही अठ्ठावीसच सांगितले. एवढ्यात पायरीवर बसलेला एक टॅक्सीवाला उठला, आपल्या गाडीतून स्वतःचा जुना, कातडी पिशवीतला काटा घेऊन आला. “मी याच्यावरच गाडी चालवून राहिलो,” म्हणाला. त्याचा काटा पाव पौंड इकडेतिकडे, पण अठ्ठावीसच्याच घरात. नलूनं माझ्याकडे पाहिलं. “घ्या भाऊजी. आईले सांगाले आता तोंड झालं.”

आकडा मात्र जास्त होता. मला माहीत होतं की चाकं धावून आणि उन्हानं तापली की आतली हवा फुगते, खरं माप थंड चाकाचं. म्हणून गाडी कडुनिंबाखाली लावली आणि थांबायचं ठरवलं. प्रकाशराव बसमधल्या मंडळींना “तुम्ही व्हा पुढं” सांगायला गेले. नलू आणि मी रसवंतीच्या बाकावर बसलो. घुंगरू लावलेला चरक फिरत होता.

“भाऊजी,” नलू म्हणाली, “तुम्ही कालपासून माह्याकडं पाहून बोलत काहून नाई?”

मी ग्लासातला बर्फ हलवत राहिलो. मग सांगून टाकलं. तुझा आवाज तिच्यासारखा आहे. पाहिलं की तू दिसतेस, नाही पाहिलं की ती.

तिनं गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

“मले माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “आई कधीमधी मले आतल्या खोलीतून बोलावते अन् मी ओ दिली का नुसती बसून रायते. काम काहीच नसते. आता समजलं.” मग तोंड पुसत म्हणाली, “मंग ऐकून घ्या जी. आसगावले पोचली का कोण ऐकवीन तुम्हाले?”

आणि ती बोलायला लागली. सुमन लहानपणी बोडीत पडली होती ते, शिंगाड्यांसाठी. शाळेत जाताना सूर नदीच्या वाळूत चपला पुरून ठेवायची ते. लग्नानंतर पहिल्या खेपेला आली तेव्हा माझ्याबद्दल काय काय सांगितलं ते. “म्हणे, हे कमी बोलतात, पण विचारलं का खरं सांगतात.” मी समोर चरकाकडे बघत होतो. वितळलेल्या बर्फानं रस पाणचट झाला तरी ग्लास हातातच होता.

चाकं निवली. पुन्हा मोजलं, सव्वीस निघाले. मला पाहिजे होते चोवीस. थोडी थोडी हवा सोडून, पुन्हा मोजून, चारही चाकं सारखी केली आणि आम्ही निघालो.

कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली. उन्हाळ्यात ती दोन धारांत वाहते, मधे वाळूची बेटं, त्यांवर कलिंगडाच्या वाड्या. पुलावर नलूनं काच खाली केली आणि हात बाहेर काढला. सुमनला तीच सवय होती. पुढे पहेला गाव गेलं, रस्त्याकडेला तेंदूच्या पानांच्या गड्ड्या उन्हात रांगेनं वाळत घातलेल्या होत्या, बाया डोक्यावर ओली फडकी घेऊन त्या उलटत होत्या. गाडी कशी गुळगुळीत चालली होती. नलूचं बोलणं थांबत नव्हतं आणि मागून प्रकाशराव अधूनमधून “हाव का?” म्हणत होते. बायको लहानपणी कशी होती ते त्यांनाही फुकटात कळत होतं.

अड्याळला चहासाठी थांबलो तेव्हा नलूनं पुन्हा काटा मागितला. “कायले?” प्रकाशराव म्हणाले, “आत्ताच तर मोजलं.”

“पेशंट हलवला का पुन्हा पाहाव लागते.”

पुढची दोन्ही चाकं सत्तावीस. मागचं उजवं, नागपुरात चढवलेलं, तेही सत्तावीस. मागचं डावं बावीस.

नलूनं पुन्हा लावलं. बावीसच. “तिघं तापून वाढले, भाऊजी. हा एकटा उतरून राहिला.”

नुसतं पाहून ते चाक भरलेलंच वाटत होतं, मी तसाच पुढे गेलो असतो. व्हॉल्व्हवर थुंकी लावली तर बारीक बुडबुडा येऊन फुटला. मागे सामान, पुढे उताराचा, खडी उखडलेला रस्ता. मी नलूकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, ती फिकी पडली होती. कोंढाळीचं चाक तिच्याही डोळ्यांसमोर आलं असणार.

स्टेपनी काढली. प्रकाशरावांनी लग्नाचा पांढरा सदरा काढून नवरीच्या हातात दिला आणि बनियनवर जॅकचा दांडा फिरवायला बसले. चहावाला मदतीला आला. नवरदेव चाक बदलतोय आणि नवरी सदरा घेऊन सावलीत उभी आहे हे पाहायला बाजारातली माणसं जमली. एक म्हातारी म्हणाली, “बाप्पा! लगन झाल्याबरोबर कामाले लावलं पोरीनं.” नलू त्या दिवसात पहिल्यांदाच मोकळी हसली. हसता हसता तिला रडू कोसळलं आणि ती सदऱ्यातच तोंड खुपसून खूप वेळ रडली. आईपाशी न आलेलं रडू. प्रकाशराव दांडा तसाच टाकून तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. मी नट आवळत बसलो.

पवनीला गळका व्हॉल्व्ह बदलून घेतला. दिवस मावळायच्या आत आसगाव आलं. दारात बायांनी दोघांना ओवाळलं, वरातीची बस कधीच पोचली होती. “जयभीम” म्हणत माणसं हात जोडत होती, मलाही नवरीचा मोठा भाऊ समजून मान देत होती. त्या रात्री मी अंगणातल्या खाटेवर पाठ टेकली आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो.

सकाळी नलू साध्या सुती साडीत चहा घेऊन आली. तिच्या मागून तिची सासू आली, म्हणून ती जपून बोलत होती.

“आता कुठून जाता?”

“भिवापूर-उमरेडवरून नागपूर. जवळ पडेल.”

“हो, जवळच पडते,” ती म्हणाली. मग कप उचलताना हळूच, “आई आज एकटीच असन.”

मी पवनीच्या फाट्यापर्यंत गेलो आणि गाडी पुन्हा भंडाऱ्याच्या रस्त्याला लावली.

मोहाडीला मांडव उतरवला जात होता. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. नलू सुखरूप पोचल्याचं सांगितलं. अड्याळच्या चाकाचंही सांगितलं, लपवलं नाही. त्यांनी काटा बघायला मागितला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. “बरं झालं, तिनं पाह्यलं,” एवढंच बोलल्या. दुपारी आम्ही दोघं समोरासमोर जेवलो. लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात. वाढताना त्या खाली पाहून म्हणाल्या,

“एक सांगू का जी? तुमचं वय नाई झालं. दुसरं लगन करा. मी काही वाईट नाई वाटू देणार.”

मी घास हातात धरून बसलो.

“पण येवाचं सोडू नका,” त्या म्हणाल्या. “तीन वर्सं मी रस्ता पाह्यला. पोरगी तर येणार नव्हती, माहीत होतं मले. तुमचा पाह्यला.”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी पानात आणखी भात वाढला. निघताना चारांची पुडी बांधून दिली आणि रस्त्यापर्यंत आल्या. आरशात त्या वळणापर्यंत दिसत होत्या.

परतीच्या वाटेवर गाडीनं काही त्रास दिला नाही. त्याच पंपावरून गेलो, तिथं फक्त पेट्रोल घेतलं. दिवसभर एकट्यानं चालवताना मी मुद्दाम आठवून पाहत होतो, रसवंतीच्या बाकावर ऐकलेलं, पुलावर ऐकलेलं. मला वाटलं होतं, जाऊन आलो की मन भरेल. तसं झालं नाही. उलट आता सूर नदीची वाळू आठवायला लागली, जी मी पाहिलेलीही नव्हती. सुमनची तहान होतीच, तिच्यात तिच्या गावाची भर पडली. पण या नव्या तहानेला निदान जायला एक रस्ता होता.

संगमनेरला पोचलो तेव्हा शेजारचे काका झाडांना पाणी घालत होते. धुळीनं माखलेली गाडी पाहून त्यांनी विचारलं, “काय हो, इतके दिवस कुठं होतात?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “सासुरवाडीला.”

काका पाण्याची झारी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. मी फाटक उघडलं आणि गाडी आत घेतली.